आरोपी तुमचा कोण?

फौजदारी न्यायालयाची पायरी ज्याने कधी चढलेली नाही अशा सुशिक्षित गृहस्थाची जामिनाविषयीची कल्पना बहुधा अशी असते की, काळे डगले चढवलेले दोन वकील न्यायाधीशांपुढे उभे राहतात, एक म्हणतो सोडा, दुसरा म्हणतो सोडू नका, आणि न्यायाधीशांनी 'अर्ज मंजूर' असे उच्चारले की कोठे तरी एका तुरुंगाचे फाटक उघडते. ही कल्पना सर्वस्वी खोटी आहे असे मी म्हणणार नाही, कारण ती बाळगणाऱ्या वर्गापुरती ती बरीचशी खरी ठरते. परंतु ज्या लोकांची वकीलपत्रे घेण्यात माझी उमेद गेली, त्यांच्या बाबतीत हुकूम आणि फाटक यांच्यामध्ये कधी चार दिवसांचे, कधी चार महिन्यांचे अंतर पडते, आणि ते अंतर तोडण्यास कायद्याच्या पुस्तकापेक्षा सातबाऱ्याचा उतारा अधिक उपयोगी पडतो. जामिनावर लिहिताना आमचे कायदेपंडित व्यक्तिस्वातंत्र्य, निर्दोषत्वाचे गृहीतक आणि राज्यघटनेचा २१ वा अनुच्छेद यांविषयी पुष्कळ लिहितात, व ते योग्यच आहे. पण नाझराच्या टेबलाविषयी कोणी लिहिलेले माझ्या वाचनात नाही.

मी सनद घेतली ती १९७३ ची फौजदारी प्रक्रिया संहिता नुकतीच अमलात आली त्या सुमारास. १ एप्रिल १९७४ रोजी १८९८ ची जुनी संहिता गेली, आणि साखरपट्ट्यातील ज्या तालुक्याच्या गावी मी बस्तान मांडले तेथील बाररूममध्ये ४९७ आणि ४९८ हे आकडे आयुष्यभर घोकलेले वृद्ध वकील ४३७ आणि ४३९ जिभेवर बसवताना चांगलेच त्रासलेले दिसत. (पन्नास वर्षांनी, १ जुलै २०२४ ला, नागरिक सुरक्षा संहिता आली आणि ४३९ चे ४८३ झाले, तेव्हा त्या मंडळींची मला फार आठवण झाली.) ज्यांच्या हाताखाली मी उमेदवारी केली ते वकील जामिनाचा अर्ज लिहिण्यात निष्णात समजले जात. त्यांचा अर्ज दीड पानाच्या पुढे जात नसे. आरोपी पळून जाईल काय, पुराव्यात ढवळाढवळ करील काय, साक्षीदारांना दमदाटी करील काय, आणि गुन्हा किती गंभीर, एवढ्याच गोष्टींना उत्तर द्यावयाचे. तो निरपराध आहे हे सांगण्यात शाई दवडावयाची नाही, कारण तो प्रश्न पुढच्या मुक्कामाचा, असा त्यांचा दंडक होता. अर्जावर सरकारी पक्षाचे म्हणणे, ज्याला आमच्याकडे शिपायापासून न्यायाधीशापर्यंत सगळे 'से' म्हणतात, ते मागवले जाई, आणि त्या कागदावर तपासी अंमलदाराची तीच ती वाक्ये ओळीने उभी असत: आरोपी फरार होण्याचा संभव आहे, तपास अपूर्ण आहे, साक्षीदारांवर दबाव येईल. अपघात करणारा ट्रकचालक असो की कोंबडीचोर असो, वाक्ये बदलत नसत. नाव आणि गुन्हा रजिस्टर नंबर तेवढा निराळा.

बाररूममध्ये जामिनाचा विषय निघाला की कोणी तरी टिळकांकडे वळे, आणि त्यात नवल नव्हते. १८९७ च्या राजद्रोहाच्या खटल्यात मॅजिस्ट्रेटने नाकारलेला जामीन टिळकांना उच्च न्यायालयात न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांनी दिला, आणि त्या अर्जात टिळकांची बाजू मांडणारे बॅरिस्टर दिनशा दावर अकरा वर्षांनी स्वतः न्यायासनावर होते, तेव्हा १९०८ च्या खटल्यात जिनांनी चालवलेला टिळकांचा जामीनअर्ज त्यांनीच फेटाळला. खुर्ची बदलली की मत बदलते, हे तात्पर्य काढून आमची ज्येष्ठ मंडळी चहाचा घोट घेत. मला मात्र त्या कथेतील दुसरीच एक गोष्ट मनात राहिली होती, ती ही की १८९७ साली तय्यबजींनी हुकूम दिल्यावर भारी रकमेचे जामीनदार उभे करणे टिळकांना अवघड गेले नाही. आमच्या तालुक्यातील कच्च्या कैद्यांपैकी निम्म्यांना तय्यबजी भेटले असते तरी त्यांची पुढची वाट अडलेलीच राहिली असती.

ती वाट कोठे अडते हे समजण्यासाठी जामीनदार उभा करण्याचा विधी एकदा सविस्तर पाहावा लागतो. न्यायाधीश हुकूम करतात की, आरोपीने १५,००० रुपयांचा जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचा एक लायक जामीनदार दिल्यास त्यास मुक्त करावे. लायक म्हणजे कसा, तर ज्याच्या नावे जमीन, घर अथवा कायमची नोकरी आहे असा. जमीनवाल्याने ताजा सातबारा आणि आठ-अ आणावयाचा. तो जुना असेल तर कारकून न वाचताच परत सरकवतो. उताऱ्यावरील 'इतर हक्क' या रकान्यात विकास सोसायटीच्या पीककर्जाचा बोजा असतोच असतो, आणि तो पाहून, या जमिनीत शिल्लक काय उरते, असा सवाल निघतो; मग तहसीलदाराचा ऐपतदाखला मागितला जातो, आणि तलाठी जाग्यावर असेल, मंडल अधिकाऱ्याचा अहवाल निघेल, तहसीलदार दौऱ्यावर नसतील, तर तो आठवड्यात हाती येतो. त्यावर रेशनकार्ड, अलीकडे आधारकार्ड, दोन छायाचित्रे, मुद्रांक, प्रतिज्ञापत्र. यापूर्वी किती जणांना जामीन राहिलात हेही, २००५ च्या दुरुस्तीनंतर, लिहून द्यावे लागते. इतके झाल्यावर दुपारच्या सुटीनंतर केव्हा तरी पुकारा होतो आणि तो मनुष्य, धोतराचा सोगा सावरीत अथवा शर्टाचे वरचे बटण लावीत, साक्षीदाराच्या पिंजऱ्यात चढतो. न्यायाधीश चष्म्यावरून पाहतात आणि विचारतात: "आरोपी तुमचा कोण?"

हा प्रश्न संहितेत नाही. जामीनदार आरोपीचा नातेवाईक असावा असे कोणत्याही कलमात लिहिलेले नाही. पण माझ्या वकिलीत मी पाहिलेल्या बहुतेक सर्व न्यायाधीशांनी तो विचारला, आणि तो विचारण्यामागील व्यवहारज्ञान खोटे आहे असेही नाही. ज्याचा त्याच्याशी काही संबंध नाही तो त्याला तारखेस कसा आणून उभा करील, हा विचार त्यामागे असतो. अडचण एवढीच की, या प्रश्नाला ज्यांच्याजवळ उत्तर असते त्यांना सहसा तुरुंगात फार दिवस काढावे लागत नाहीत, आणि ज्यांच्याजवळ नसते त्यांच्यासाठीच जामिनाचा कायदा मुख्यत्वे असावयास हवा.

१९७८ चा गळीत हंगाम सुरू होऊन थोडे दिवस झाले असतील. बीड जिल्ह्यातून आलेल्या ऊसतोड मजुरांच्या एका टोळीतील दोघांना विहिरीवरील पाण्याची मोटार चोरल्याच्या संशयावरून पकडण्यात आले. मोटार कोठेच सापडली नव्हती. परगावचे लोक रात्री त्या बाजूस शौचास गेलेले कोणी पाहिले होते, एवढाच पुरावा. गुन्हा चोरीचा, म्हणजे जामिनावर सोडणे न्यायाधीशांच्या मर्जीचा. आणि त्यांची मर्जी चटकन झाली, कारण ते समंजस गृहस्थ होते. २,००० रुपयांचा जामीन आणि जामीनदार स्थानिक असावा, असा हुकूम झाला. दोघांपैकी एकाचा थोरला भाऊ गावाकडून एस. टी. बदलत बदलत सातबारा घेऊन आला. सहा एकर जिराईत, नाव स्पष्ट, बोजा नाही. मला तर तो उतारा पाहून आनंदच झाला. कारकुनाने तो उलटसुलट केला आणि म्हणाला, "साहेब, ही जमीन इथं कुठं आहे? याची खातरजमा कोण करणार?" भाऊ माझ्याकडे पाहू लागला. "वकीलसाहेब, जमीन बीडात हाय, मंग ती जमीन न्हाई का?"

त्याला ठाऊक नव्हते, पण त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये नेमका हाच सवाल सर्वोच्च न्यायालयाने ऐकला होता. मध्य प्रदेशातील मोतीराम नावाच्या एका गरीब गवंड्याला दंडाधिकाऱ्याने १०,००० रुपयांचा जामीनदार मागितला होता आणि त्याच्या भावाची मिळकत दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून तो भाऊ नाकारला होता. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी तो हुकूम मोडून मोतीरामला त्याच्या स्वतःच्या १,००० रुपयांच्या मुचलक्यावर सोडण्यास सांगितले, आणि एका जिल्ह्याचा रहिवासी दुसऱ्या जिल्ह्यात परका ठरवणाऱ्या रिवाजावर आपल्या त्या सालंकृत इंग्रजीत चांगलाच कोरडा ओढला. नागपूरहून निघणाऱ्या 'ऑल इंडिया रिपोर्टर'चा तो अंक आमच्या बारच्या कपाटात येऊन पडला होता, आणि मी तो घेऊन दुसऱ्या दिवशी न्यायाधीशांपुढे उभा राहिलो. त्यांनी निकाल शांतपणे वाचला. मग पुस्तक मिटून म्हणाले, "वकीलसाहेब, निकाल मला बंधनकारक आहे, वाद नाही. पण कारखाना बंद झाल्यावर हे लोक बैलगाड्या जुंपून निघून जातील, आणि माझे समन्स घेऊन जाणारा शिपाई बीडला कोणत्या वाडीवर जाऊन हाका मारणार, ते तुम्ही मला सांगा." त्यांच्या बोलण्यात कुत्सितपणा नव्हता. त्यांच्यापुढे मागील हंगामातील अशीच तीनचार प्रकरणे 'आरोपी मिळून येत नाही' या शेऱ्यासह पडून होती, आणि वरिष्ठ न्यायालय दर महिन्यास प्रलंबित खटल्यांचा तक्ता मागवीत होते.

अखेर त्यांनी मधली तोड काढली. जामीनदाराऐवजी रोख रक्कम भरण्याची मुभा संहितेत आहे, ती दिली. मला हा विजय वाटला. पैसे भरले मुकादमाने. ज्यांना ऊसतोडीचा व्यवहार ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगितले पाहिजे की, तेथे मजुराची मोजणी माणसांवर होत नाही, कोयत्यावर होते. नवरा आणि बायको मिळून एक कोयता, आणि हंगामाआधी मुकादम या कोयत्याला उचल देतो, ती ऊस तोडून फेडावयाची असते. नवरा कोठडीत गेला की मागे उरतो अर्धा कोयता, मोळ्या निम्म्या होतात आणि उचल मात्र पुरी राहते. म्हणून मुकादमालाही तो माणूस फडात परत हवाच होता. त्याने माझ्यासमोर खिशातून नोटा काढल्या, थुंकी लावून मोजल्या, आणि दुसऱ्या खिशातून वही काढून तेवढीच रक्कम त्या जोडप्याच्या नावावर टाकली. मजूर सुटला तो आणखी २,००० रुपयांचा देणेकरी होऊन. पुढे यथावकाश खटल्यात दोघेही निर्दोष सुटले, आणि अनामत परत मिळण्याचा अर्ज मी केला, तेव्हा भरणा पावती आरोपीजवळ नव्हती. ती मुकादमाच्या वहीत घडी घालून ठेवलेली होती, आणि पैसे घेण्यास आरोपीबरोबर मुकादमही आला होता. कोर्टाच्या दप्तरात ही रक्कम 'आरोपीस परत' अशी नोंदली गेली. दप्तर खोटे बोलत नाही, पण ते व्हरांड्यापर्यंत पाहत नाही.

ज्याला मुकादमही मिळत नाही त्याच्यासाठी कोर्टाच्या आवारात आणखी एक सोय असते. ती सोय लिंबाच्या झाडाखाली पिशवी घेऊन बसते, पिशवीत रेशनकार्ड आणि उतारे असतात, आणि रकमेच्या मानाने दर ठरतो. या धंदेवाईक जामीनदारांविषयी वर्तमानपत्रांत अधूनमधून बातम्या येतात. बनावट सातबारा, बनावट शिक्के, एकाच जमिनीवर कितीतरी आरोपी. मग काही दिवस धरपकड होते, रेशनकार्डाच्या पाठीवर शिक्का मारण्याची पद्धत कडक होते, झाडाखालची माणसे चहाच्या टपरीत जातात आणि थोड्या दिवसांनी परत झाडाखाली येतात. मी या माणसांचा उपयोग कधी केला नाही, पण त्यांच्याविषयी माझ्या मनात जितका राग असावयास हवा तितका नाही, हेही सांगून टाकतो. दुष्काळात पाण्याचा टँकर विकणाऱ्याला शिव्या घालणे सोपे असते. स्थानिक, जमीनदार आणि नातेवाईक असा जामीनदार ज्याने मागितला, त्यानेच या बाजाराला गिऱ्हाईक पुरवले आहे.

बाजारात न जाता ज्याने जामीन दिला अशा एका माणसाची हकीकत मात्र मला लिहावीशी वाटते. गोष्ट अलीकडची आहे. गायरानावर पालात राहणाऱ्या एका पारधी मुलाला, वय वीसएक वर्षांचे, दरोड्याच्या तयारीत असल्याच्या आरोपाखाली इतर चौघांबरोबर पकडले होते; मिरचीपूड, दोरी आणि कोयता असा मुद्देमाल पंचनाम्यात होता, आणि ज्यांनी असे पंचनामे अनेक वाचले आहेत त्यांना ती यादी पाठ असते. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने या लोकांना जन्मतः गुन्हेगार ठरवले, तो कायदा १९५२ मध्ये गेला, पण त्याची सवय ठाण्याच्या दप्तरातून गेली असे छातीवर हात ठेवून मला म्हणता येत नाही. सत्र न्यायालयाने जामीन नाकारला. मग मी दिवस मोजू लागलो.

दिवस मोजणे ही जामिनाच्या कायद्यातील एक निराळी विद्या आहे. आरोपी कोठडीत असताना तपास संपवून दोषारोपपत्र ठेवण्यास पोलिसांना ६० दिवसांची मुदत असते, अतिगंभीर गुन्ह्यांत ९० दिवसांची. आणि ती उलटली की गुणदोषांत न शिरता आरोपीस सोडावेच लागते. मोजणी अटकेपासून करावयाची नसते. न्यायाधीशांनी कोठडीचा पहिला हुकूम दिला त्या तारखेपासून करावयाची असते. दरोड्याच्या तयारीला कमाल शिक्षा दहा वर्षांची, किमान शिक्षा ठरलेली नाही. म्हणून २०१७ च्या राकेशकुमार पॉल निकालानंतर तेथे ६० दिवसच धरावे लागतात, आणि ठाणे अंमलदार तेथे ९० धरून निश्चिंत असतो. मुदत संपल्याच्या दुसऱ्या सकाळी कोर्ट उघडण्यापूर्वी मी अर्ज घेऊन दारात उभा राहिलो, आवक कारकुनाकडून शिक्क्याशेजारी तारखेबरोबर वेळही लिहून घेतली, कारण अर्ज आधी की दोषारोपपत्र आधी यावर पुढे सारा वाद होतो, आणि दुपारी हुकूम मिळाला. परंतु या हक्काला एक शेपूट आहे. उदय मोहनलाल आचार्य विरुद्ध महाराष्ट्र राज्य या २००१ च्या निकालाचा अर्थ असा की, ठरवून दिलेल्या मुदतीत आरोपी जामीनदार देऊ शकला नाही आणि दरम्यान दोषारोपपत्र दाखल झाले, तर मिळालेला हक्क हातचा जातो. न्यायालयाने आम्हांला आठवड्याची मुदत दिली. आणि गायरानावरील पालात सातबारा कोणाच्या नावाचा असणार?

मुलाची आई रोज येऊन व्हरांड्यात बसे. तिला मी विचारले की गावात तुम्हांला ओळखणारे कोणी आहे काय, ती म्हणाली, "वळखत्यात सगळेच, म्हणूनच कोण येईना." मग बऱ्याच वेळाने तिने एका निवृत्त प्राथमिक शिक्षकांचे नाव घेतले. मुलगा दोन वर्षे त्यांच्या वर्गात होता. मी त्यांच्या घरी गेलो तेव्हा गुरुजींनी सर्व ऐकून घेतले, आतून त्यांच्या पत्नीचा आणि मुलाचा आवाज वाढत गेला, सातबाऱ्यावर कोर्टाचे नाव चढेल, उद्या सोसायटी कर्ज देणार नाही, असे पुष्कळ निघाले, आणि गुरुजी एवढेच म्हणाले की उतारा काढायला किती दिवस लागतात. मुदतीच्या अलीकडच्या दिवशी ते पिंजऱ्यात उभे राहिले.

"आरोपी तुमचा कोण?"

"कोणी नाही, साहेब. माझ्या शाळेत होता."

"मग जामीन का राहता?"

गुरुजींनी थोडा विचार केला. "त्याला पाढे येतात, साहेब. हजेरीला तो चुकवत नसे." न्यायाधीश हसले असावेत, लिहिताना त्यांनी मान खाली घातल्यामुळे मला नीट दिसले नाही. जामीनकतबा मंजूर झाला.

ही हकीकत येथे संपली असती तर ती मुलांच्या मासिकात छापण्यासारखी झाली असती. पण दोषारोपपत्र आल्यावर खटला रीतीप्रमाणे तालुक्याहून जिल्ह्याच्या सत्र न्यायालयाकडे वर्ग झाला, नवी तारीख तेथील फळ्यावर लागली, आणि मुलगा जुन्या तारखेला तालुक्याच्या कोर्टात इमानाने येऊन दिवसभर बसला आणि पुकारा झाला नाही म्हणून घरी गेला. सत्र न्यायालयात तो गैरहजर. अजामीनपात्र वॉरंट निघाले, आणि गुरुजींना कतब्याची रक्कम सरकारजमा का करू नये याची नोटीस आली. ती नोटीस पोलीस पाटलाने भर चावडीत बजावल्यामुळे गुरुजींच्या घरात काय झाले असेल ते सांगावयास नको. वयाच्या सत्तरीत ते गृहस्थ मोटारसायकलवर मागे बसून तीन गायराने पालथी घालून आले, पाले तेव्हा हलली होती, आणि चौथ्या ठिकाणी मुलगा सापडला. पुढच्या तारखेस दोघेही माझ्यासमोर उभे होते. मी दोन्ही न्यायालयांचे रोजनामे लावून दाखवले, वॉरंट रद्द झाले, नोटीस मागे घेतली गेली. न्यायाधीशांनी गुरुजींना विचारले की, तुम्हांला जामीनकीतून मोकळे व्हावयाचे आहे काय. तसा हक्क जामीनदारास असतो. गुरुजी नको म्हणाले. त्यांच्या मुलाने माझ्याशी बोलणे सोडले आहे, आणि त्याला दोष देण्यास मी धजत नाही. खटला अद्याप चालू आहे.

या सर्व विवेचनात मी एकाच बाजूचे बोलतो आहे असा आक्षेप येईल, तर तो मला मान्य आहे. बचावाच्या वकिलाची ती सवय असते. पण फिर्यादी पक्षातर्फेही मी काही प्रकरणे पाहिली, आणि जामिनावर सुटून आलेला माणूस त्याच गल्लीत, त्याच पाणवठ्यावर पुन्हा दिसू लागला की फिर्यादी बाईच्या जिवाचे काय होते, हे मी जवळून पाहिले आहे. अशा प्रकरणी जामीन नाकारला गेला तर मला वाईट वाटले नाही. मला वाईट वाटते ते दुसऱ्या एका गोष्टीचे: चोरी-मारामारीसारख्या प्रकरणीही खालचे न्यायाधीश हल्ली 'वर जा' असे सुचवतात, कारण जामीन देऊन काही विपरीत घडले तर त्यांच्याकडे बोट दाखवले जाते, आणि नाकारल्याबद्दल त्यांच्याकडे बोट दाखवणारा आजवर कोणी भेटलेला नाही. १९८० मध्ये सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी पाच न्यायमूर्तींच्या पीठातर्फे गुरबक्षसिंग सिब्बिया खटल्याचा निकाल लिहिला, त्यात अटकपूर्व जामिनाच्या अधिकाराला कायद्यात नसलेल्या अटींची कुंपणे घालू नका, न्यायाधीशाच्या विवेकावर विश्वास ठेवा, असा त्यांचा सूर आहे. विवेकावर विश्वास ठेवण्यास हरकत नव्हती. विवेक वापरणाऱ्याच्या पाठीशी उभे राहण्याची तजवीज मात्र कोणी केली नाही.

सुधारणा झाल्याच नाहीत असे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. १९७९ च्या हुसेनआरा खातून प्रकरणात बिहारच्या तुरुंगांतील असे कैदी उजेडात आले की, ज्यांची खटल्यापूर्वीची कोठडी गुन्ह्याच्या कमाल शिक्षेहूनही लांबली होती. तेथपासून २००५ च्या दुरुस्तीने आलेल्या ४३६-अ पर्यंत, म्हणजे निम्मी कमाल शिक्षा कोठडीत गेल्यास सोडावे या तरतुदीपर्यंत पोचावयास पाव शतक लागले. नव्या संहितेच्या कलम ४७९ ने पहिल्याच गुन्ह्यातील आरोपीसाठी ती एक तृतीयांशावर आणली, पण त्याच कलमात, एकाहून अधिक प्रकरणे प्रलंबित असणाऱ्याला हा लाभ नाही, अशीही एक ओळ घातली. आणि ज्यांना संशयावरून उचलतात त्यांना एकाच प्रकरणात कधी उचलत नाहीत, हे ती ओळ लिहिणाऱ्यास ठाऊक नसावे. २०२२ अखेर देशातील तुरुंगांतल्या दर चार माणसांत तीन कच्चे कैदी होते, हा सरकारचाच आकडा आहे. ३१ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, जामिनाचा हुकूम त्याच दिवशी अथवा दुसऱ्या दिवशी ई-मेलने तुरुंगात पोचवावा, आठवड्यात सुटका न झाल्यास अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवास कळवावे, महिन्यात कतबा न झाल्यास न्यायालयाने आपण होऊन अटी सैल करण्याचा विचार करावा. आणि त्याच यादीत, स्थानिक जामीनदाराचा आग्रह धरू नये, असे एक सूत्र पुन्हा आहे. मोतीरामच्या निकालाला तेव्हा पंचेचाळिसावे वर्ष चालू होते.

त्या निर्देशांमुळे माझ्या वाट्याला उतारवयात एक काम आले आहे. महिन्यातून एकदोनदा मी प्राधिकरणातर्फे कारागृहात जातो. तेथील न्यायविभागाचा हवालदार मला संगणकावरून काढलेली यादी देतो, जिच्यात जामीन मंजूर होऊनही आत असलेल्यांची नावे असतात. शेवटच्या रकान्यात कारण लिहिलेले असते, आणि बहुतेक ठिकाणी ते 'जामीनदार नाही' असेच असते. क्वचित 'नावात फरक' असते: हुकमात वडिलांचे नाव एक, वॉरंटावर दुसरे, आणि त्या एका काना-मात्रेपायी माणूस पुन्हा दुरुस्तीच्या अर्जाची वाट पाहतो. केंद्र सरकारने २०२३ मध्ये गरीब कैद्यांच्या जामिनासाठी ४०,००० रुपयांपर्यंत साहाय्याची योजना काढली. तिचे अर्ज मी भरून देतो, समितीची बैठक भरते तेव्हा ते निघतात.

गेल्या खेपेस यादीत एक ओडिशाचा वीटभट्टी मजूर होता. हुकूम होऊन महिना उलटला होता. त्याच्या घरी फोन लावू काय असे विचारले तर तो नको म्हणाला. घरी त्याने भट्टीचे काम लांबले असे सांगितले आहे. भट्टीमालक जामीन राहण्यास तयार नाही, आणि तयार झाला तर काय होईल हे मी मुकादमाच्या वहीत पूर्वीच वाचलेले असल्यामुळे मीही त्याला फार आग्रह केला नाही. जामीनदाराची अट काढून जातमुचलक्यावर सोडावे, असा अर्ज त्या महिन्याभराच्या निर्देशावर बोट ठेवून मी दाखल केला आहे. सरकारी वकिलांचा 'से' यावयाचा आहे. तारीख येत्या बुधवारची पडली आहे.